तापलेले इंजिन आणि चुकलेला हंगाम

दसरा उलटला की भिलाई परिसरातील मोकळ्या जागांवरचे गवत कापण्याची घाई सुरू होते. खुर्सीपारसारख्या भागात वस्ती, रस्ता, रेल्वेची हद्द आणि पडीक जमीन एकमेकींना भिडलेल्या आहेत, आणि त्यांच्या पलीकडे दुर्ग जिल्ह्याची भातशेती पसरलेली आहे. पावसाळाभर दुर्लक्षित राहिलेले गवत या दिवसांत कमरेपेक्षा उंच झालेले, वाळू लागलेले आणि बियांनी लगडलेले असते. ट्रॅक्टरला मागे स्लॅशर जोडून चालक त्यात शिरतो, आणि तासाभरात तापमानदर्शकाचा काटा तांबड्या पट्ट्याकडे सरकू लागतो. मग ट्रॅक्टर जुना आहे, रेडिएटर बदलायला हवा, चालकाला गाडी सांभाळता येत नाही, अशी कारणे पुढे येतात. यांपैकी एखादे कारण खरे असूही शकते. तथापि बहुतेक वेळा मूळ दोष त्या कामासाठी निवडलेल्या दिवसांत असतो, आणि या दोषाकडे कृषियंत्रांचे व कीटकशास्त्राचे अभ्यासक अद्याप एकत्रितपणे पाहत नाहीत.

प्रथम यंत्राची बाजू पाहू. डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भागच प्रत्यक्ष कामी येतो. साधारण तेवढीच उष्णता धुरावाटे निघून जाते आणि उरलेली मोठ्या प्रमाणात शीतकरण यंत्रणेला बाहेर टाकावी लागते. रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमधून हवा खेळती राहिली तरच हे शक्य होते. रस्त्यावर धावणाऱ्या वाहनाला वेगामुळे समोरून हवा मिळते. गवत कापणारा ट्रॅक्टर संथ चालतो, त्यामुळे त्याची सारी भिस्त पंख्यावर असते. शिवाय स्लॅशर मागे असल्याने ट्रॅक्टरचे नाक न कापलेल्या गवतात घुसते. बी, कुसळे, कासाचा कापूस आणि पानांचा भुगा नेमका पुढच्या जाळीसमोर झडतो आणि पंखा तो आत ओढतो. त्यावर धूळ बसते. कुठे तेलाची गळती असेल तर धूळ आणि भुगा यांचा नमद्यासारखा थर तयार होतो. पाण्याची पातळी पूर्ण असते, पंखा फिरत असतो, पट्टा ताणलेला असतो. तरीही हवा आत जात नाही म्हणून इंजिन तापते.

या भागातील धुळीचे स्वरूपही ध्यानात घेतले पाहिजे. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली, आणि तेव्हापासून हा परिसर कारखाने, मालवाहतूक व बांधकाम यांचा राहिला आहे. छत्तीसगडच्या शेतकऱ्याला भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार हे मातीचे चार प्रकार पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. त्यांतील मुरमाड भाटा जमीन पावसानंतर सर्वांत आधी सुकते आणि पडीकही बहुधा तीच असते. येथील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. ऑक्टोबरअखेर वरचा थर कोरडा होतो आणि स्लॅशरच्या पात्यांच्या वाऱ्याने तो उधळतो. म्हणजे गवत सर्वाधिक वाळलेले, बी सर्वाधिक सुटे आणि माती सर्वाधिक कोरडी असते, त्याच आठवड्यांत कापणी केली जाते.

येथून पुढची बाजू कीटकशास्त्राची आहे. भात निसवून पिकू लागतो त्या काळात हिरवे तुडतुडे दिव्यांवर झुंडीने येतात. दिवाळीच्या सुमारास छत्तीसगडमधील आणि पूर्व विदर्भातील घराघरांत याचा अनुभव येतो. दिवसाचा उन्हाळा टाळण्यासाठी संध्याकाळी दिवे लावून गवत कापले, तर हेच कीटक प्रकाशाकडे येतात आणि पंख्याच्या ओढीने जाळीवर चिकटतात. गवतात दडलेले नाकतोडे व पतंगही उठून तेथेच येतात. बियांच्या कापसावर कीटकांची कलेवरे आणि त्यावर धूळ, असा थर नुसते झटकून निघत नाही. म्हणून संध्याकाळची कापणी इंजिनासाठी वाटते तितकी सोयीची नसते. सकाळी दव ओसरल्यानंतरचे दोन-तीन तास अधिक चांगले. त्या वेळी माती किंचित दमट असल्याने धूळ कमी उडते आणि दिव्यांची गरज पडत नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न गवताच्या अवस्थेचा आहे. गाजरगवत भारतात प्रथम १९५५ मध्ये पुण्यात आढळल्याची नोंद आहे. आज ते रेल्वेमार्ग, रस्ते आणि पडीक जमिनी यांच्या आधाराने देशभर पसरले आहे. एका झाडापासून हजारो सूक्ष्म बिया तयार होतात. उगवल्यानंतर चार ते सहा आठवड्यांत ते फुलू लागते. ऑक्टोबरच्या अखेरीस ते कापणे म्हणजे बी गोळा करून शेजारच्या शेतात नेऊन पेरणे होय. स्लॅशरच्या आच्छादनाखाली, टायरच्या खाचांत आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेले बी ट्रॅक्टरबरोबर पुढच्या गावी जाते. ज्या कचऱ्यामुळे इंजिन तापते, त्याच कचऱ्यात पुढील वर्षाचे तण असते. रेडिएटर साफ करण्याचे काम गॅरेजवर सोपवून मोकळे होणाऱ्यांनी याचा विचार करावा. ही सफाई ज्या शेतात कापणी झाली तेथेच करणे हा तणनियंत्रणाचाही भाग आहे.

यावर उपाय म्हणून कापणी अलीकडे आणावी लागेल. गाजरगवताविषयी जनजागृती सप्ताह दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या दिवसांत पाळला जातो, तो फुलोऱ्याच्या आधीचा काळ साधण्यासाठीच. पहिली कापणी त्या सुमारास, पावसाची उघडीप पाहून करावी. नुसते कापल्याने गाजरगवत बुडख्यापासून पुन्हा फुटते, त्यामुळे सप्टेंबरअखेर दुसरी फेरी अपरिहार्य आहे. लहान जागेत हातमोजे घालून उपटणे अधिक परिणामकारक. या दोन्ही वेळी गवत ओले, कोवळे आणि बीविरहित असते. ओले गवत पात्यांना जड जाते आणि स्लॅशरखाली चिकटते हे खरे. पण ते गुडघ्याएवढेच असल्याने इंजिनावर ताण मर्यादित राहतो, धूळ नसते आणि जाळी बुजत नाही.

याला दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा की ऑगस्टमध्ये ट्रॅक्टर रुतेल. काळ्या कन्हार जमिनीत तो रुतेलच, आणि तेथे ओल्या मातीवरून यंत्र फिरवून जमीन घट्ट करणे हा दुसरा अपराध ठरेल. अशा जागी विळा किंवा खांद्यावरचा ब्रश कटर हेच साधन योग्य. भाटा आणि मुरमाड जमिनीत मात्र निचरा चांगला असल्याने उघडिपीच्या दोन-तीन दिवसांनंतर ट्रॅक्टर चालू शकतो, आणि पडीक जागा बहुतेक तशाच आहेत. दुसरा आक्षेप खर्चाचा. एकाऐवजी दोन फेऱ्या म्हणजे दुप्पट भाडे, असा हिशेब मांडला जातो. त्या हिशेबात उंच, वाळलेल्या गवतात लागणारे जादा डिझेल, थांबण्यात गेलेले तास, जळालेले हेड गॅस्केट आणि पुढील हंगामातील तण यांचा समावेश नसतो. तो केल्यास उशिराची एक कापणी स्वस्त राहत नाही.

कीटकांच्या हिताची एक मर्यादाही पाळली पाहिजे. गाजरगवत खाणारा मेक्सिकन भुंगा, म्हणजे झायगोग्रामा बायकलराटा, १९८३ मध्ये मेक्सिकोतून बंगळूर येथे आणला गेला आणि पुढील वर्षी सोडण्यात आला. पावसाळ्यात त्याच्या अळ्या व भुंगे कोवळे शेंडे आणि पाने खातात व झाडाचे फुलणे रोखतात. कोरड्या काळात तो जमिनीत सुप्तावस्थेत जातो. ज्या तुकड्यात भुंग्यांची संख्या भरपूर असून झाडे चाळणीसारखी झाली आहेत, तो तुकडा ऑगस्टमध्ये कापू नये. तसेच तरोटा, ज्याला छत्तीसगडमध्ये चरोटा म्हणतात, सरसकट साफ करू नये. तो गाजरगवताला जागा मिळू देत नाही, त्याची भाजी होते आणि बी बाजारात विकले जाते. कापणी करताना मधून सुरुवात करून कडेकडे सरकावे, म्हणजे पक्षी, सरडे आणि साप यांना निसटता येते. कडेची एखादी पट्टी न कापता ठेवल्यास कोळी, ढालकिडे आणि परागीभवन करणाऱ्या माश्या यांना आसरा राहतो. अर्थात ती पट्टी गाजरगवताची नसावी.

भाताच्या बांधाबाबत वेळेचे महत्त्व आणखी वाढते. लोंबीवरील ढेकण्या, म्हणजेच गंधी, भात निसवण्यापूर्वी बांधावरच्या आणि पडीक जागेतील गवतांवर पोसल्या जातात. भात पोटरीत येण्याआधी हे गवत काढले तर त्यांचा आसरा जातो. भात दुधाळ अवस्थेत असताना शेजारचे फुललेले गवत कापले, तर त्यांना भाताकडे सरकण्यावाचून पर्याय उरत नाही. उशिराच्या कापणीची किंमत अशा वेळी शेजारचा शेतकरी मोजतो.

उशिरा कापण्यावाचून गत्यंतरच नसेल तर काही पथ्ये पाळावीत. एका दमात जमिनीलगत न कापता पहिल्या फेरीत उंचावरून आणि दुसऱ्या फेरीत खालून कापावे. पाती धारदार असावीत. पी.टी.ओ.ची गती शिफारशीप्रमाणे, सामान्यतः मिनिटाला ५४० फेरे, कायम ठेवून गिअर खालचा घ्यावा. वाऱ्याच्या दिशेनेच ट्रॅक्टर चालवला तर धुळीचा लोट त्याच्याबरोबरच चालतो. म्हणून वाऱ्याला आडव्या ओळी धराव्यात आणि वारा जिकडे जातो त्या कडेपासून सुरुवात करावी, म्हणजे धूळ कापलेल्या भागावर पडते. दर तासाला थांबून पुढची जाळी साफ करावी. रेडिएटर स्वच्छ करताना हवा पंख्याच्या बाजूने पुढे, म्हणजे नेहमीच्या प्रवाहाच्या उलट सोडावी. दाब कमी ठेवावा, अन्यथा पातळ पत्रे वाकतात. एअर क्लीनर रोज तपासावा. धुराड्याजवळ साचलेले वाळके गवत काढून टाकावे, कारण तेथून आग लागू शकते.

काटा तांबड्याकडे गेल्यास स्लॅशर बंद करून इंजिन काही मिनिटे बिनभाराचे, संथ चालू ठेवावे आणि मग थांबवावे. पाणी उकळून बाहेर पडू लागले असेल तर मात्र ते लगेच बंद करावे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. रेडिएटरचे झाकण गरम असताना कदापि उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असते आणि झाकण सैल होताच उकळते पाणी व वाफ चालकाच्या तोंडावर येते.

या शेवटच्या सूचनेत खरी अडचण दडलेली आहे. हे नियम पुष्कळ चालकांना ठाऊक असतात. तरीही ते झाकण उघडतात, कारण काम एकराच्या ठोक दराने घेतलेले असते आणि थांबलेला प्रत्येक मिनिट चालकाच्या किंवा मालकाच्या खिशातून जातो. इंजिन थंड होण्यासाठी द्यावा लागणारा अर्धा तास आळसात मोजला जातो. ट्रॅक्टर बंद पडला की काडी लावून गवत जाळण्याचा मोह होतो, आणि त्या आगीत वस्तीची हवा, जमिनीवरील मित्रकीटक आणि कधी शेजारचे पीकही सापडते. गवत कापण्याचे काम देणाऱ्या संस्थांनी, नगरपालिकांनी आणि शेतकरी गटांनी करारातच दोन गोष्टी लिहाव्यात: कापणी फुलोऱ्यापूर्वी होईल, आणि यंत्र साफ करण्याचा व थंड करण्याचा वेळ कामाचाच वेळ धरला जाईल. धुळीत व परागकणांत आठ तास बसणाऱ्या चालकाला मुखपट्टी आणि चष्मा देणे हाही त्या कराराचाच भाग असावा. गाजरगवतामुळे त्वचेचे विकार व दम्याचा त्रास होतो, हे सर्वमान्य आहे.

कृषी विज्ञान केंद्रांच्या प्रशिक्षणात आज ट्रॅक्टरची देखभाल एका दिवशी, तणनियंत्रण दुसऱ्या दिवशी आणि कीडनियंत्रण तिसऱ्या दिवशी शिकवले जाते. ऑगस्टमधील एका सकाळी हे तिन्ही विषय एकाच पडीक तुकड्यावर, उघड्या बॉनेटसमोर शिकवता येतील. खुर्सीपारच्या आसपास अशा तुकड्यांची उणीव नाही.