डावे इंजिन पेटलेले सर्वांनी पाहिले, बंद झाले उजवे!

विमान कोसळले की दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला असतो : वैमानिकाची चूक! मेलेला किंवा जायबंदी झालेला वैमानिक लगेच उत्तर द्यायला उभा राहू शकत नाही, म्हणून हा आरोप सर्वांच्या सोयीचा. पण इंजिन बिघडल्याचा इशारा मिळाल्यावर विमानात नेमके काय घडते हे बारकाईने पाहिले, तर हा दोष एकट्या कॉकपिटच्या माथी मारता येत नाही. इंग्लंडमधील केगवर्थच्या अपघाताचा चौकशी अहवाल त्यासाठी वाचला पाहिजे.

८ जानेवारी १९८९ च्या संध्याकाळी ब्रिटिश मिडलँड कंपनीचे बोइंग ७३७-४०० विमान लंडनच्या हीथ्रोहून बेलफास्टला निघाले. आत १२६ माणसे. २८ हजार फुटांवर डाव्या इंजिनातील पंख्याचे पाते तुटले. विमान थरथरू लागले, धुराचा वास आला. कोणते इंजिन, असे मुख्य वैमानिकाने विचारले. सहवैमानिकाच्या तोंडून ‘डावे’ हा शब्द अर्धाच बाहेर पडला आणि लगेच त्याने ‘उजवे’ म्हणून सांगितले. उजव्याचा जोर कमी करताच हादरेही कमी झाले. खरे तर इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा त्याच वेळी बंद केल्याने डाव्या इंजिनावरचा ताण हलका झाला होता. पण समज पक्का झाला तो झालाच. धडधाकट इंजिन बंद करून, मोडक्या इंजिनाच्या भरवशावर विमान ईस्ट मिडलँड्स विमानतळाकडे वळले.

वैमानिकाने प्रवाशांना सांगितले की, उजव्या इंजिनात बिघाड होता, ते आता बंद केले आहे. आणि मागे बसलेल्या कित्येक प्रवाशांनी ठिणग्या व ज्वाळा पाहिल्या होत्या त्या डाव्या इंजिनातून! तीन केबिन कर्मचाऱ्यांनीही त्या पाहिल्या होत्या. घोषणा ऐकून अनेक प्रवासी बुचकळ्यात पडले. पण एकानेही उठून ‘साहेब, आग तर डावीकडे आहे’ असे म्हटले नाही. कर्मचाऱ्यांपैकी कुणी कॉकपिटच्या दारापर्यंत ही गोष्ट नेली नाही. का? पुढे बसलेला माणूस जाणकार, आपण तिकीट काढून बसलेले. त्याला आपण काय शिकवायचे? उतरंडीची सवय अंगात मुरली की डोळ्यांनी पाहिलेलेही माणूस खोटे मानतो. यात बुद्धीचा प्रश्न नव्हता. हुकूम वरून खाली येण्याची वाट रुंद होती, खालची खबर वर जाण्याची वाटच कुणी बांधली नव्हती. मुख्य वैमानिकाने केबिनच्या प्रमुखाला विचारले ते एवढेच, मागे धूर आला का? तो ‘हो’ म्हणाला. कोणत्या बाजूला काय दिसले, हे विचारलेच गेले नाही.

वैमानिक मात्र अगदीच बेफिकीर नव्हते, हेही सांगितले पाहिजे. आपल्याला नेमक्या कोणत्या खुणा दिसल्या होत्या, याची उजळणी मुख्य वैमानिकाने वाटेत सुरू केली होती. तेवढ्यात रेडिओवर बोलणे आले आणि ती अर्धीच राहिली. समोरच्या तबकडीवर डाव्या इंजिनाचे हादरे कमाल आकड्यावर गेलेले होते. पण जुन्या विमानांतली ही तबकडी भरवशाची नसे, म्हणून तिच्याकडे फारसे न पाहण्याची सवय वैमानिकांना होती. नव्या विमानात ती भरवशाची झाली होती. मात्र लांब काट्यांच्या जागी कडेला बारीक दिवे आले होते. हा फरक हाताखालून जावा असा ७३७-४०० चा सिम्युलेटर तेव्हा ब्रिटनमध्ये नव्हताच. नव्या विमानाची ओळख एका दिवसाच्या वर्गात उरकलेली!

धावपट्टी चार-पाच किलोमीटरवर आली असता डावे इंजिन बंद पडले. उजवे पुन्हा चालू करायला वेळ उरला नव्हता. विमान एम-१ महामार्गाच्या बांधावर आदळले. ४७ माणसे गेली. दोन्ही वैमानिक गंभीर जखमी झाले आणि पुढे दोघांनाही नोकरीवरून काढण्यात आले. एका दिवसाच्या वर्गावर माणसांना नव्या यंत्रापुढे बसवणे ज्यांनी पुरेसे मानले, त्यांना जाब कोणी विचारायचा? शिवाय पात्याचा दोष वैमानिकांचा नव्हताच. त्याच वर्षी जूनमध्ये त्याच जातीच्या इंजिनांची पाती आणखी दोन विमानांत तुटली, तेव्हा ब्रिटनमध्ये ही विमाने जमिनीवर थांबवावी लागली.

चौकशी अहवालाने शिफारशी केल्या. त्यांत वैमानिक आणि केबिन कर्मचारी यांनी एकत्र सराव करावा, ही एक होती. आम्हाला तीच सर्वांत मोलाची वाटते, कारण ती यंत्राबद्दल नाही.

पण बोलायची वाट खुली झाली म्हणजे काम संपले, असेही कुणी समजू नये. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईहून उडालेल्या ट्रान्सएशियाच्या एटीआर विमानात उजव्या इंजिनाचा इशारा वाजला. कॅप्टनने डाव्याचा जोर ओढायला घेतला. शेजारच्या वैमानिकाने थांबायला सांगितले, एकदा पडताळून पाहू म्हणाला. कॅप्टन थांबला नाही. चालू असलेले इंजिन बंद झाले आणि विमान कीलुंग नदीत कोसळले. ५८ पैकी १५ जण वाचले.