नाही म्हणा, पण कळवा

“वाशीहून बोलतोय,” असं पुतण्यानं सांगितलं, तेव्हा फोनवरच्या बाई म्हणाल्या, “मग उद्या अकराला या.” त्यांच्या डोळ्यांसमोर नवी मुंबईतली वाशी होती. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली. सकाळी पुणं गाठायचं तर आदल्या रात्रीच बार्शी धरायची आणि तिथून पुढची गाडी. तरी पोरगं निघालं. दहावीपासूनची मूळ प्रमाणपत्रं, झेरॉक्सचे दोन संच, फोटो. सगळी फाइल रात्रभर पोटाशी धरून.

दुपारी चारपर्यंत बसवलं. मुलाखत दहा मिनिटं. “कळवतो.”

दुसऱ्या फेरीच्या दिवशी एसटी टेंभुर्णीच्या पुढे गेल्यावर मेसेज आला : आजच्या मुलाखती रद्द. कारण नाही, पुढची तारीख नाही. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा साहेबांनी कधी रुजू होशील, हेही विचारलं. पोरगं हरखून घरी आलं. त्याला आता दोन महिने झाले.

हे दोन महिने फुकट गेलेले नाहीत, त्यांची किंमत आमच्या घरानं मोजली आहे. तेरखेड्यात फटाक्यांच्या हंगामात हिशेबाला माणूस हवा होता; दिवाळीपर्यंत हाताला काम मिळालं असतं. मध्येच बोलावणं आलं तर, म्हणून त्यानं ते सोडलं. सोयाबीनची रास होती त्या दिवशी मळणीयंत्राच्या आवाजात रिंग ऐकू येणार नाही, म्हणून मोबाइल बांधावर आईच्या हातात दिला होता. ती माउली दर घटकेला पदरानं काच पुसून बघत होती.

सरकार तरी कुठे वेगळं वागतं? आरोग्य विभागाची भरती परीक्षा २५ आणि २६ सप्टेंबर २०२१ ला होती. ती पुढे ढकलल्याचं २४ च्या रात्री सांगितलं. तोवर किती पोरं परगावच्या केंद्राकडे निघाली असतील! ऑक्टोबरमध्ये ती परीक्षा झाली, पेपर फुटला आणि पुढे सगळंच रद्द.

मुलगी बघायला आलेली माणसंही ‘कळवतो’ म्हणूनच उठतात. पण चार दिवसांत मध्यस्थ निरोप आणतो. पत्रिका जुळत नाही म्हणून का होईना, सांगतो. कारण समोरच्या घराला दुसरं स्थळ बघायला मोकळं करायचं असतं. मुलाखतीनंतरचा नकार मला तेवढ्याचसाठी हवा आहे.

उत्पन्नाचा दाखला किती दिवसांत द्यायचा, हे २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यामुळे तहसील कचेरीला बांधून दिलेलं आहे. मुलाखत घेणाऱ्या कंपनीला तशी मुदत का नसावी? कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतानं ती घातली. २५ किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीनं जाहीर केलेल्या जागेसाठी मुलाखत घेतली, तर शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांत निर्णय झाला की नाही, हे उमेदवाराला सांगायचं; १ जानेवारी २०२६ पासून तिथे हा नियम आहे. आपल्या कामगार खात्यानं हा नियम इथे आणावा. आणि लांबून येणाऱ्याची मुलाखत ऐनवेळी रद्द केली, तर जाण्यायेण्याचं भाडंही कंपनीनंच द्यावं.

परवा पुतण्यानं स्वतःच फोन लावला. प्रोसेस सुरू आहे, असं उत्तर मिळालं. मग त्याच बाईंनी नाव विचारलं, गाव विचारलं.

“वाशी? म्हणजे नवी मुंबई ना?”