आधी तरंगा, मग पोहा

परवा पुण्याहून भाचा आला होता. नोकरी चांगली, हुद्दा मोठा, आणि दोन वर्षांपासून त्याला गोल्फचा नाद लागलेला. रात्री जेवणानंतर ओसरीवर बसलो, तर पठ्ठ्याने माझी काठी हातात घेऊन गोल्फचा फटका कसा मारतात ते दाखवायला सुरुवात केली. त्या फटक्याला तिकडे ‘स्विंग’ म्हणतात. शास्त्रशुद्ध स्विंगमध्ये खांदा किती वळवायचा, कंबर केव्हा फिरवायची, मनगट कुठे दुमडायचे, याचे कडक नियम आहेत. बेन होगन या अमेरिकन खेळाडूने १९५७ साली लिहिलेले पुस्तक आजही अनेकजण प्रमाण मानतात. याउलट कॅनडाचा मो नॉर्मन. पाय फाकून उभा राहायचा, हात आणि काठी सुरुवातीपासूनच एका रेषेत धरायचा आणि आटोपशीर फटका मारायचा. लोक हसत, पण चेंडू सुतासारखा सरळ जाई. १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने कॅनडाची हौशी खेळाडूंची स्पर्धा जिंकली.

“मामा, आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या माझ्यासारख्याने यातले कोणते धरावे?” भाच्याने विचारले.

मी गोल्फचे मैदान फक्त चित्रात पाहिलेले. काय सांगणार? पण प्रश्न मात्र ओळखीचा वाटला. हौशी माणसाने सोपी रीत धरावी की शास्त्रशुद्ध, हा वाद आमच्या घरात मागच्या उन्हाळ्यापासून चालू आहे. आमचा वाद पोहण्यावरून.

मी पोहायला शिकलो शेतातल्या विहिरीत. शिकवणारे थोरले काका; आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. साधन म्हणजे कमरेला बांधलेला वाळका भोपळा, आणि तो फुटला की झाकण घट्ट बसवलेला पत्र्याचा डबा. तात्यांचा सगळा अभ्यासक्रम एका वाक्याचा होता. काठावरून ते ओरडत, “आंग सोडी दे, पानी तुले धरस!” पंधरा दिवसांनी न सांगता दोर सोडला जाई आणि आपण डब्यावाचून तरंगतो आहोत हे मागाहून कळे. डोके वर ठेवून बेडकासारखे पोहणे, उताणे पडून राहणे, जागच्या जागी उभ्याने तरंगणे आणि मुटका मारणे, एवढ्यावर आमचे शिक्षण संपले.

नातीचे शिक्षण वेगळे. ती शहरात राहते. तिथल्या एका तरणतलावावर तिने उन्हाळी वर्ग केला. फळीला धरून पाय मारणे, चेहरा पाण्यात, श्वास बाजूला, हात कोपरातून उचलून पुढे. पंचवीस मीटर ती अशी सुरेख जाते की पाहत राहावे. मागच्या मे महिन्यात ती इकडे आली. मी कौतुकाने तिला नातेवाइकांच्या शेतातल्या विहिरीवर नेले. उतरली, झोकात चार हात मारले आणि समोरची भिंत आली. वळता येईना, पायाखाली तळ लागेना. पोर घाबरली, पाणी प्यायली. मी जवळच होतो म्हणून निभावले. तिला पोहता येत होते. थांबता येत नव्हते.

त्या रात्री मी तात्यांची रीत थोर आणि नवी रीत फोल, असे ठणकावून सांगितले. लेक गप्प बसली. पण दुसऱ्या दिवशी तिने मला विचारले, “बाबा, तुम्ही एका दमात किती लांब जाल?” खरे सांगायचे तर पन्नास मीटरच्या पुढे माझी मान भरून येते. याला कारण आहे. माणसाचे डोके चार-पाच किलोचे. ते पाण्याबाहेर उचलून धरले की कंबर आणि पाय खाली जातात. मग अर्धी ताकद पुढे जाण्यात आणि अर्धी न बुडण्यात खर्च होते. चेहरा पाण्यात ठेवला की अंग आडवे राहते, पाणी कापले जाते. शास्त्रशुद्ध रीत केवळ दिसायला चांगली म्हणून आलेली नाही. लांबच्या काठाला लागायचे असेल, तर तिच्यावाचून दमछाक होते.

पण ‘शास्त्रशुद्ध’ हा शब्दही जरा तपासून घ्यावा. १८४४ साली उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी लंडनमध्ये हात पाण्याबाहेर फेकत पोहून दाखवले, तेव्हा इंग्रजांना ते रांगडे वाटले. त्यांच्या लेखी सभ्य पोहणे म्हणजे बेडूकपोहणी. कॅप्टन मॅथ्यू वेब याने १८७५ साली इंग्लिश खाडी पार केली, तीही छातीवर, बेडकासारखे पोहत, जवळजवळ बावीस तासांत. पुढे तोच ‘रांगडा’ प्रकार सुधारत सुधारत आजच्या वर्गांतला मुख्य धडा झाला, आणि वेबची रीत नवशिक्यांची ठरली. तेव्हा कोणती रीत उच्च आणि कोणती गावंढळ, हा निकाल काळ बदलतो. आपण एवढेच विचारावे, की मला ही कला कशासाठी हवी आहे?

शिरपूरकरांना हा प्रश्न आज नव्याने पडायला हवा. मधल्या काळात आमच्याकडे भूजल खोल गेले, विहिरी कोरड्या पडल्या. जिथे मुटके मारले तिथे तळाचे दगड दिसू लागले. पोहायला शिकवणारी शाळाच बंद पडली म्हणा ना! एक आख्खी पिढी पाण्यावाचून वाढली. मग २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद आणि खोल करण्याचे, त्यांवर बंधारे बांधण्याचे काम इथे सुरू झाले. ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून ते महाराष्ट्रभर गाजले. नाले काही ठिकाणी तीस-चाळीस फूट खोल झाले, पाणी जिरले, विहिरींना पाझर फुटले. पाणी परत आले, याचा आनंद कोणाला नाही? पण पोहणे परत आले नाही. आजोबांच्या वेळचा नाला गुडघाभर होता. नातवाच्या वेळी त्याच काठावरून एक पाऊल पुढे टाकले की तळ लागत नाही. दोष पाण्याचा नाही. ते आले, आपण तयार नव्हतो, एवढेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. बहुतेक आपल्यासारख्या देशांतली, आणि त्यांत मुले फार. यावर संघटनेने सुचवलेल्या उपायांत शाळकरी मुलांना प्राथमिक पोहणे आणि सुरक्षित बचाव शिकवणे हा एक आहे. बांगलादेशाच्या खेड्यांत तळ्यांत बांबूचे मांडव बांधून मुलांना हेच शिकवले गेले: थोडे अंतर पोहणे, तरंगत राहणे आणि काठावरून दुसऱ्याला मदत करणे. तिथे शैलीला गुण नाहीत. गुण आहेत ते जिवंत बाहेर येण्याला.

म्हणून माझे मत, लेकीशी भांडून झाल्यावर बनलेले, असे आहे. हौशी माणसाने सोप्या रीतीने सुरुवात करावी. मात्र सोपे म्हणजे अर्धवट नव्हे. आधी उताणे तरंगणे. मग उभ्याने तरंगणे, मग वळून काठ धरणे. हे आले की चेहरा पाण्यात घालून श्वास बाजूला घ्यायला शिकावे, कारण आता ते शिकताना भीती नसते. आणि कोणी बुडत असेल तर मागचा-पुढचा विचार न करता उडी घेऊ नये. दोर, बांबू, लुगडे, जे हाताशी असेल ते फेकावे. क्रम चुकला की नातीसारखे होते, आणि क्रम मध्येच सोडला की माझ्यासारखे.

भाच्यालाही मी हेच सांगितले. “आधी चेंडू सरळ जाऊ दे रे बाबा, मग ऐट कर. तुझा फटका चुकला तर चेंडूच हरवेल.” तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, “मामा, मला पोहता येत नाही.”

तो आठ दिवस राहिला. रोज सकाळी विहिरीवर गेलो. भोपळा मिळाला नाही. प्लॅस्टिकचा रिकामा कॅन बांधला. वाक्य मात्र तात्यांचेच होते. नात या दिवाळीत येणार आहे. तिला मी उताणे पडायला शिकवणार, आणि ती मला श्वास घ्यायला.