बॅटरीवाचून चालणारे यंत्र

शाळेचे कपाट आवरताना परवा दोन वस्तू हाती लागल्या. एक, माझ्या प्रशिक्षणाच्या दिवसांतले सौरपट्टीचे गणकयंत्र. खिडकीशी धरले मात्र, आकडे उमटले. दुसरी, मुलांच्या प्रयोगांसाठी कौतुकाने आणलेली तापमान नोंदणारी यंत्रे. त्यांच्या बॅटऱ्या निकामी, आणि झाकण उघडायची सोय नाही. विकणाऱ्याचे उत्तर एकच : नवी घ्या!

बॅटरीशिवाय संगणक चालत नाही, हा समज आता जुना झाला. 2020 साली नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या आणि अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी बॅटरी नसलेला गेम बॉय करून दाखविला. वीज मिळते सौरपट्टीतून आणि खेळणाऱ्याने बटण दाबण्यातून. चांगल्या उन्हात सुमारे दहा सेकंद खेळ चालतो, क्षणभर थांबतो, पुन्हा चालतो. आवाज मात्र नाही.

खरी हुशारी त्या थांबण्यात आहे. वीज गेली की साधा संगणक हातातले काम विसरतो. याची स्मृती विजेवाचूनही टिकते. पोथीत खूण ठेवून उठावे आणि परत बसल्यावर तिथूनच वाचावे, तसे हे यंत्र सोडलेल्या जागेवरून पुढे जाते. वीज जाणारच, असे धरून त्याची रचना केलेली आहे. म्हणून क्युरपीपच्या ढगांत त्याचे काय होणार, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे : थांबेल, उजेड आला की पुढे चालेल.

सगळीकडे हे चालणार नाही, हेही सांगितले पाहिजे. 30 मार्च 2013 रोजी पोर्ट लुईसच्या पुराने 11 जीव घेतले. पुराचा इशारा देणारे यंत्र ढग दाटले म्हणून थांबले तर काय कामाचे? तिथे बॅटरी हवीच, तीही बदलता येणारी.

पण वर्गातले तापमान तासाने नोंदले काय नि दोन तासांनी काय, कोणाचे अडते? अशा कामासाठी बंद डब्यातली बॅटरी का विकत घ्यावी? ती मेली की यंत्रही मेले, आणि घरच्या कचऱ्यात गेलेला प्रत्येक सेल शेवटी मार शिकोजच्या ढिगाऱ्यात. आपल्या बेटाला दुसरी जागा कुठे आहे?

पुढच्या खरेदीच्या बैठकीत मी दोनच प्रश्न विचारणार आहे. हे यंत्र उजेडावर चालते का? नसेल, तर याची बॅटरी आमच्या मुलांना स्वतः बदलता येईल का? पालकांनीही हेच विचारावे. ते जुने गणकयंत्र मी बैठकीला बरोबर नेणार आहे.