दाढी दिसली, व्यवस्था दिसली नाही

एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचा एक भाग आणि तो पाहून प्रेक्षकांनी त्याचे काय केले, या विषयावर साप्ताहिकाचे पान खर्ची पडलेले पाहून काही कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडतील. महागाई, बेकारी आणि कंत्राटी कामगारांचे प्रश्न आ वासून उभे असताना हे कसले चोचले, असे ते विचारतील. आक्षेप रास्त आहे. परंतु जनतेचे राजकीय मन केवळ सभा-मोर्च्यांतून घडते, हा आपला भ्रम आता तरी सुटायला हवा. दिवसभर राबून आलेला माणूस रात्री पडद्यासमोर बसतो, तेव्हाही त्याच्या मनात सत्ता, न्याय आणि परिवर्तन यांविषयीच्या कल्पना रुजतच असतात. त्या कोणत्या, हे तपासणे हे चळवळीचेच काम आहे.

'स्टार ट्रेक' ही मालिका आपल्याकडे दूरदर्शनवर १९८० च्या दशकात दाखवली गेली, त्यामुळे अनेकांना ती आठवत असेल. तिचा 'मिरर, मिरर' हा भाग अमेरिकेत ६ ऑक्टोबर १९६७ रोजी एन.बी.सी. वाहिनीवरून प्रथम प्रक्षेपित झाला. लेखक जेरोम बिक्स्बी. कप्तान कर्क आणि त्याचे तीन सहकारी एका वादळामुळे आपल्या अंतराळयानाऐवजी समांतर विश्वातील त्याच नावाच्या यानावर जाऊन पोचतात. यान तेच, माणसेही तीच. पण आपल्या विश्वात जिथे ग्रहांचा लोकशाही संघ आहे, तिथे या विश्वात एक क्रूर साम्राज्य आहे. समांतर विश्वाची कल्पना मनोरंजनाला नवी नव्हती. भौतिकशास्त्रातही ह्यू एव्हरेट याने १९५७ साली अनेक विश्वांचा सिद्धान्त मांडलेला होता. या भागाचे महत्त्व निराळे आहे. माणूस तोच ठेवून भोवतालची व्यवस्था बदलली तर त्या माणसाचे काय होते, हा समाजशास्त्रातला मूलभूत प्रश्न त्याने लाखो घरांत नेऊन ठेवला.

या साम्राज्याचे चित्रण वरवरचे नाही. तेथे बढती मिळते ती वरिष्ठाचा खून करून. तिथल्या कर्कने कप्तानपद असेच मिळवलेले आहे. प्रत्येक अधिकारी पदरी भाडोत्री रक्षक बाळगून असतो आणि ते रक्षक जास्त मोबदल्याच्या आशेने ऐन वेळी धनी बदलतात. सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे यातना देणारे एक लहानसे यंत्र. ते प्रत्येक कर्मचाऱ्याच्या स्वतःच्याच कमरेला अडकवलेले असते. चूक झाली की वरिष्ठ हात पुढे करतो, आणि कर्मचाऱ्याने आपले यंत्र आपल्याच हाताने काढून द्यायचे असते. शिक्षेचे साधन कामगारानेच बाळगायचे, ही कल्पना १९६७ साली अतिशयोक्त वाटली असेल. आज पाठीवर पेटी लादून दुचाकीवरून घरोघर जेवण पोचवणाऱ्या तरुणाच्या खिशातला मोबाइल त्याचा विलंब नोंदवतो आणि त्याचे गुण कापतो. तो मोबाइलही त्यानेच, स्वतःच्या पैशाने, विकत घेतलेला असतो. या तरुणाला ती कल्पना समजावून सांगावी लागणार नाही.

कथेच्या मुळाशी हाल्कन नावाच्या शांतताप्रिय लोकांचा एक नकार आहे. त्यांच्या ग्रहावरील मौल्यवान खनिज यानाला हवे आहे. पण त्याचा वापर उद्या कुणाचा तरी जीव घेण्यासाठी होऊ शकेल, म्हणून ते द्यायला तयार नाहीत. संघाचा कर्क हा नकार मान्य करतो. साम्राज्याचा हुकूम मात्र असा की, खनिज दिले नाही तर ग्रह बेचिराख करा. दोन विश्वांतील खरा फरक एवढाच आहे: दुबळ्याचे 'नाही' बलवानाने ऐकले की नाही. हा भाग दाखवला गेला त्यानंतर पंधराच दिवसांनी, २१ ऑक्टोबर १९६७ रोजी, व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात हजारो अमेरिकन नागरिक पेंटागॉनवर चालून गेले. पुढच्या वर्षी 'गॅलक्सी' या विज्ञानकथा-नियतकालिकाच्या जूनच्या अंकात लेखकांच्या सह्यांच्या दोन जाहिराती समोरासमोर छापल्या गेल्या, एक युद्धाच्या बाजूने आणि एक विरोधात. विरोधकांच्या यादीत बिक्स्बी आणि मालिकेचा निर्माता जीन रॉडनबेरी या दोघांचीही नावे होती. हाल्कनांचा नकार कोणत्या काळात लिहिला गेला, याविषयी शंका उरू नये.

मग चाहत्यांनी या भागातून काय उचलले? त्यांचे प्रेम प्रथमपासूनच उदंड होते. विज्ञानकथाप्रेमींच्या जागतिक संमेलनात सभासदांच्या मतांनी दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्कारासाठी १९६८ साली नाट्यविभागातील पाचही नामांकने 'स्टार ट्रेक'ला मिळाली आणि त्यांत 'मिरर, मिरर' होता. पुरस्कार दुसऱ्या भागाला गेला, पण लोकस्मृतीत हा भाग अधिक खोल रुतला. चाहत्यांनी हस्तलिखित-टंकलिखित पत्रिकांतून त्या विश्वाच्या पुढच्या कथा रचल्या, संमेलनांत साम्राज्याचे गणवेश घालून मिरवले. आणि त्या विश्वातल्या स्पॉकची दाढी तर एक स्वतंत्र संस्थाच होऊन बसली. लॉस एंजेलिसच्या एका वाद्यवृंदाने १९९२ साली 'स्पॉक्स बीअर्ड' असे नाव घेतले. अमेरिकन विनोदी मालिकांत एखाद्या पात्राचा दुष्ट जुळा दाखवायचा झाला की त्याला हनुवटीवर दाढी चिकटवायची, असा संकेतच रूढ झाला.

येथेच विचार करण्याजोगी गंमत आहे. मूळ भागात हा दाढीवाला स्पॉक दुष्ट नाही. त्या संपूर्ण यानावर विवेक शाबूत असलेला तो जवळजवळ एकटाच आहे. कर्कला ठार करण्याचा गुप्त हुकूम आलेला असताना तो त्याला आधी सावध करतो. सत्य कळल्यावर या परक्या पाहुण्यांना परत जाण्यास तोच मदत करतो. तरीही लोकस्मृतीने दुष्टपणाची खूण म्हणून नेमकी त्याचीच दाढी निवडली! बढतीची ती खुनी शिडी, कमरेचे ते यंत्र, हाल्कनांचा तो नकार, यांपैकी काहीच म्हणीत उतरले नाही. उतरला तो एक चेहरा. व्यवस्थेची दुष्टता एकदा चेहऱ्यावर चिकटवली की काम सोपे होते. चेहरा ओळखायचा, त्याचा द्वेष करायचा, आणि तो दूर झाला की सुटकेचा निःश्वास टाकायचा. हा दोष केवळ अमेरिकन प्रेक्षकांचा आहे असे समजून आपण हसू नये. अमुक मंत्री गेला की भ्रष्टाचार संपेल, तमुक मुकादम बदलला की कारखान्यात न्याय होईल, असे म्हणणारे आपल्या सभांनाही टाळ्या वाजवतातच.

भागाच्या शेवटी असलेला एक विचारही प्रेक्षकांना फार भावला. तिकडच्या रानटी कर्कला आणि त्याच्या साथीदारांना इकडच्या स्पॉकने लगेच ओळखून कोठडीत टाकलेले असते. का, तर सुसंस्कृत माणसाला रानटीपणाचे सोंग वठवता येते, पण रानटी माणसाला सुसंस्कृततेचे सोंग साधत नाही. वाक्य चटकदार आहे, पण इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. आपल्या देशाने दीडशे वर्षे जे साम्राज्य सोसले त्याचे अधिकारी कवायती रानटी नव्हते. ते कविता वाचत, बागा फुलवत आणि दुष्काळातही सारा वसूल करीत. सुसंस्कृततेचे सोंग साम्राज्याला उत्तम साधते. प्रत्येक प्रेक्षकाने स्वतःला निःशंकपणे संघाच्या बाजूचा मानून झोपी जावे, याची सोय त्या वाक्याने केली.

परंतु या भागातील सर्वांत गंभीर संवाद निरोपाच्या क्षणी होतो, आणि कार्यकर्त्यांनी लक्ष द्यावे ते तेथे. कर्क स्पॉकला विचारतो, हे साम्राज्य टिकेल किती दिवस? स्पॉक शांतपणे हिशेब सांगतो: सुमारे २४० वर्षांत ते उलथले जाणार, यात संशय नाही. आणि हे ठाऊक असूनही तो त्या साम्राज्याची चाकरी इमानेइतबारे करतो आहे! मग कर्क त्याला पटवतो की, जे टिकणार नाही त्याची सेवा करणे तर्काला सोडून आहे. द्रष्टा असा एक माणूस वर्तमान बदलू शकतो. स्पॉक म्हणतो, त्याला सत्ताही लागते. तेव्हा कर्क आपल्या खोलीतील एका गुप्त यंत्राची माहिती त्याला देतो. बटण दाबले की शत्रू जागच्या जागी नाहीसा होतो, असे ते यंत्र आहे.

परिवर्तनाविषयीच्या दोन जुन्या चुका येथे शेजारी शेजारी उभ्या आहेत. पहिली स्पॉकची. इतिहास आपल्या बाजूचा आहे, शेवट ठरलेला आहे, मग आज कचेरीत जाऊन मुकाट्याने सही करायला हरकत काय? दुसरी कर्कची. जनता वाट पाहत राहील, एक थोर पुरुष पुढे होईल, आणि त्याच्या हातात विरोधकांना पुसून टाकणारे साधन असले की नवे जग अवतरेल. विसाव्या शतकात समाजवादाच्या नावाने चाललेल्या राजवटींनीही ही दोन्ही मते पदरी बाळगली आणि त्यांची जबर किंमत मोजली, हे मान्य करण्यात आपल्याला कमीपणा वाटू नये. विरोधकाला नाहीसे करणारे यंत्र ज्याच्या खोलीत आहे, त्याच्या न्यायबुद्धीवर देखरेख कोण ठेवणार? त्या यानाच्या तळमजल्यावर राबणाऱ्यांना हा प्रश्न कुणी विचारत नाही. पुढचा संवाद त्यांच्याशी करावा, असे कर्कच्याही मनात येत नाही.

या संवादाचे पुढे काय झाले, हे प्रेक्षकांना २७ वर्षांनी कळले. 'डीप स्पेस नाइन' या नंतरच्या मालिकेच्या 'क्रॉसओव्हर' या १९९४ च्या भागात असे दाखवले की, स्पॉक खरोखरच सत्तेवर आला, त्याने सुधारणा केल्या, शस्त्रे खाली ठेवली. आणि दुबळ्या झालेल्या साम्राज्याला शत्रूंच्या युतीने जिंकून माणसांना गुलाम केले. चाहत्यांत यावरून वाद झडत आले आहेत. कुणी म्हणतो, कर्कने भोळेपणाने घात केला; कुणी म्हणतो, लेखकांनी एका सुंदर आशेचा विश्वासघात केला. दोन्ही पक्ष एका गोष्टीवर मात्र एकमत आहेत: झाले ते स्पॉकमुळे झाले. आमचे म्हणणे असे की, ज्या समाजाला केवळ भीतीने बांधून ठेवले होते, त्यातली भीती वरून काढून घेतली आणि खालून एकजुटीची नवी वीण घातली नाही, तर तो समाज उसवणारच. सुधारणा हा येथे गुन्हा नाही. ज्यांच्यासाठी सुधारणा, त्यांना तिच्यात हातच नव्हता, हे त्या अपयशाचे कारण आहे.

आणि विशेष म्हणजे, संघटना म्हणजे काय हे या चाहत्यांना ठाऊक नव्हते असेही नाही. मालिका बंद पडणार अशी चिन्हे दिसताच १९६७-६८ च्या हिवाळ्यात बीजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने पत्रमोहीम उभारली. वाहिनीकडे लाखाहून अधिक पत्रे गेली. जानेवारी १९६८ मध्ये विद्यार्थ्यांनी बरबँक येथील वाहिनीच्या कचेरीवर मशाल मोर्चा नेला. १ मार्च १९६८ रोजी मालिका चालू राहील अशी घोषणा वाहिनीला जाहीरपणे करावी लागली. हा विजय खराच होता. पण मग मालकाने तिला शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली, खर्चाला कात्री लावली, आणि ३ जून १९६९ रोजी शेवटचा नवा भाग दाखवून ती बंद केली. मागणी मान्य झाली, मात्र वेळ आणि तिजोरी मालकाच्याच हाती राहिली. ज्या कामगार कार्यकर्त्याने एखादा करार सहीनंतर वर्षभरात कागदावर विरताना पाहिला आहे, त्याला या हकिगतीत परके असे काही वाटणार नाही.

तरीही चाहत्यांविषयी निराश होण्याचे कारण नाही. ज्या साम्राज्याने जगेच्या जगे भस्म केली, त्याच्याच एका सम्राज्ञीला नायिका करणारा 'सेक्शन ३१' हा चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये आला, तेव्हा अनेक जुन्या चाहत्यांनी त्याचे वाभाडे काढले. क्रौर्याला झगमगीत पोशाख चढवला म्हणून ते खपवून घेणार नाही, हा त्या नाराजीतला एक सूर होता. ज्यांनी गणवेशाची हौस केली, त्यांच्यातच ही जागही आहे. तिला साद घालायची ती त्यांच्या आवडीची टिंगल करून नव्हे, त्यांच्या शेजारी बसून.

समांतर विश्वाचा मोह मराठी वाचकाला अपरिचित नाही. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे प्राध्यापक अशा विश्वात जाऊन पोचतात, की जेथे विश्वासरावांना गोळी लागली नाही आणि मराठे जिंकले. वाचणाऱ्याचा ऊर भरून येतो. पण त्या कथेत एक छोटा प्रसंग आहे, तो फारसा कुणी आठवत नाही. त्या विश्वातल्या मुंबईत एक सभा चालू असते आणि अध्यक्षाची खुर्ची रिकामी असते. सवयीने प्राध्यापक तिच्यावर जाऊन बसतात, भाषण सुरू करतात, आणि श्रोते त्यांना व्यासपीठावरून हुसकावून लावतात. तिथल्या लोकांनी अध्यक्षाविना सभा चालवायची रीत पाडलेली असते.

कर्क आपल्या निरोपात एका द्रष्ट्या पुरुषाला सत्तेवर बसवून जातो, आणि साठ वर्षे प्रेक्षक त्याची दाढी लक्षात ठेवतात. आपल्याला ती रिकामी खुर्ची लक्षात ठेवता आली पाहिजे. त्यासाठी दुसऱ्या विश्वात जाण्याची गरज नाही. पुढच्या शाखा-बैठकीत ती खुर्ची बाजूला सरकवून, मागच्या रांगेत बसलेल्याला आधी बोलू दिले तरी प्रारंभ होईल.