लिलाव, दिनांक आणि उंबरठा उत्पन्न

१/ लासलगावच्या कांदा बाजारात उभा असलेला शेतकरी एका दमात किती भाषा बोलतो, याची त्याला जाणीव नसते. ‘बाजार’ फारसी, ‘माल’, ‘वजन’, ‘हमाल’, ‘दलाल’, ‘हिशेब’ मूळचे अरबी, फारसीच्या वाटेने आलेले, ‘लिलाव’ पोर्तुगीज, ‘ट्रॅक्टर’ इंग्रजी. देशी उरतो तो संस्कृत कंदापासून झालेला कांदा, आणि या साऱ्यांना एका वाक्यात ओवणारे मराठी प्रत्यय.

२/ ‘खरीप’ म्हणजे अरबीत शरद ऋतू आणि ‘रबी’ म्हणजे वसंत. पीक कोणत्या ऋतूत हाती येते, त्यावरून ही नावे पडली. नाशिक जिल्ह्यातील कोणत्याही शेतकऱ्याला हे शब्द परके वाटत नाहीत. ‘लिलावात’, ‘हमालाने’, ‘हिशेबाला’ अशी रूपे चालवून मराठीने पाहुण्यांना कधीच घरचे करून टाकले आहे.

३/ या सरमिसळीला पहिला राजकीय विरोध शिवछत्रपतींच्या काळी झाला. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून सिद्ध करवलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त सुमारे १४०० शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, सरनोबताचा सेनापती. ‘सचिव’ आजही मंत्रालयात नांदतो. पेशव्याचा मात्र पंतप्रधान करूनही पुढचे शतक ‘पेशवाई’ म्हणूनच ओळखले गेले.

४/ नाशिकच्या नावाचीही हीच कथा. मोगलांनी शहराला ‘गुलशनाबाद’ म्हटले. मराठी अमलात जुने नाव परतले. नाव परतले, पण ‘बाजार’ बाजारच राहिला. राज्यकर्त्यांना पाटी बदलता येते, लोकांच्या तोंडचा व्यवहार बदलता येत नाही.

५/ जिल्ह्यातील भगूर येथे १८८३ साली जन्मलेल्या वि. दा. सावरकरांनी विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ उभारली. ‘महापौर’, ‘हुतात्मा’, ‘दिनांक’ हे शब्द त्यांच्या नावे सांगितले जातात. यांतील ‘महापौर’ आणि ‘हुतात्मा’ पूर्णपणे रुजले. ‘दिनांक’ सरकारी पत्रांत स्थिरावला; घरात मात्र ‘आज तारीख काय?’ असेच विचारले जाते. मोकळ्या जागी नवा शब्द सहज बसतो. भरल्या जागी त्याला कागदापुरतीच ओसरी मिळते.

६/ माधव जूलियन यांचा प्रवास याहून बोलका आहे. फारसीचे हे प्राध्यापक. १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला. पुढे तेच भाषाशुद्धीकडे वळले आणि १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. शुद्धीचा आग्रह परभाषाद्वेषातूनच येतो, हा आरोप एवढ्यानेच लटका पडतो. स्वभाषेची शब्द घडवण्याची शक्ती क्षीण होईल, ही भीती खरी होती आणि आजही आहे.

७/ हाच प्रश्न जपानपुढेही आला. पोर्तुगीजांचा ‘पाव’ तिथेही पोहोचला. जपानी माणूस आजही ब्रेडला ‘पान’ म्हणतो आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण सरकारी कागदांत इंग्रजी शब्दांची गर्दी वाढली, तेव्हा तेथील राष्ट्रीय भाषा संस्थेने २००३ ते २००६ या काळात सोपे पर्याय सुचवले. संस्थेची कसोटी शब्दाच्या कुळाची नव्हती. तो सामान्य वाचकाला समजतो का, एवढीच होती.

८/ मराठीला हीच कसोटी हवी. पीकविम्याच्या कागदात ‘उंबरठा उत्पन्न’ असा शब्द असतो. त्याखाली उत्पादन घसरले, तरच भरपाई. दोन्ही शब्द देशी, कुळाने निर्दोष. तरीही ज्याचे पीक गेले त्याला या जोडीतून काहीच कळत नाही, कारण ती इंग्रजीची शब्दशः छाया आहे. उलट ‘नुकसानभरपाई’मधील ‘नुकसान’ अरबी, पण तो शब्द निरक्षरालाही कळतो.

९/ म्हणून ‘लिलाव’ हुसकावण्यात शक्ती घालवू नये. चारशे वर्षे राबलेला शब्द मराठीच आहे. पण न कळणारा शब्द, मग तो इंग्रजी असो की संस्कृत, शेतकऱ्याच्या सहीच्या कागदावर असता कामा नये. तिथे भाषेच्या अभिमानाचा नव्हे, त्याच्या हक्काच्या पैशाचा प्रश्न असतो.