स्वस्त बॅटरीची खरी किंमत

लाईट गेली की घरातला इन्व्हर्टर सुरू होतो. किल्ली फिरवली की गाडी चालू होते. ही कामे करणाऱ्या बॅटरीत असते शिसे. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी ८० टक्क्यांहून जास्त शिसे बॅटऱ्यांसाठीच लागते. काही वर्षांनी बॅटरी बसते, भंगारवाला ती घेऊन जातो आणि आपल्या हातात थोडे पैसे पडतात. पुढे त्या बॅटरीचे काय होते, हे आपण कधी विचारतो का?

हा प्रश्न आपण विचारत नाही आणि त्याची किंमत लहान मुले मोजतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुने शिसे वितळवून पुन्हा वापरता येते. ही चांगलीच गोष्ट आहे. पण नियम पाळणाऱ्या कारखान्याला धूर गाळावा लागतो, आम्लाची विल्हेवाट लावावी लागते. वस्तीच्या कडेला चालणाऱ्या चोरट्या भट्टीत यातले काहीच होत नाही. बॅटरी फोडायची, आम्ल जमिनीवर ओतायचे, शिसे उघड्यावर वितळवायचे! धूळ मातीत बसते, कामगाराच्या कपड्यांवरून त्याच्या घरात जाते. रांगणारे मूल तोच हात तोंडात घालते.

पोटात गेलेले शिसे मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट जास्त शोषून घेते. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. शिशामुळे मुलांची बुद्धी मंदावते, लक्ष टिकत नाही, चिडचिड वाढते. वर्गात अशा मुलाला आपण सहज ‘ढ’ म्हणून मोकळे होतो. रक्तातले शिसे औषधाने कमी करता येते, पण मेंदूचे झालेले नुकसान भरून येत नाही. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही.

हे किती टोकाला जाऊ शकते, ते आफ्रिकेतल्या सेनेगल देशाने पाहिले. राजधानी डकारजवळच्या थियारोय-सुर-मेर या वस्तीत अनेक वर्षे जुन्या बॅटऱ्यांमधून शिसे काढले जाई. २००७ मध्ये जगभर शिशाचा भाव चढला. मग लोक तिथली शिसेमिश्रित माती उकरून, चाळून विकू लागले. काहींनी ती घरी आणली. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तिथली १८ मुले दगावली. त्यांच्या तपासलेल्या भावंडांना आणि आयांनाही शिशाची बाधा झालेली निघाली. त्या आयांचे काय चुकले? बाजाराला शिसे हवे होते आणि त्यांना चार पैसे हवे होते.

हे फक्त सेनेगलचे दुखणे नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात धोकादायक प्रमाणात शिसे आहे. म्हणजे दर तीन मुलांमागे एक! यातली सर्वाधिक मुले भारतातली आहेत. मसाल्यांतली भेसळ, रंग, भांडी अशी इतरही कारणे त्यामागे आहेत, पण बॅटऱ्यांचा वाटा मोठा आहे.

मग इन्व्हर्टर वापरायचाच नाही का? तसे मी म्हणणार नाही. दोष विजेच्या गरजेत नाही, हिशोबात आहे. चोरटी भट्टी धूर गाळण्यावर खर्च करत नाही, म्हणून तिच्यासाठी माल गोळा करणाऱ्याला जुन्या बॅटरीचे जास्त पैसे देणे परवडते. ते जास्तीचे शे-दोनशे रुपये आपल्याला फायदा वाटतात. खरे तर तो खर्च कुठल्यातरी मुलाच्या अंगावर ढकललेला असतो.

आपल्याकडे कायदा नाही असेही नाही. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचा नियम २००१ पासून आहे. २०२२ च्या नियमांनी ही जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. पण ग्राहकानेच बॅटरी दुसऱ्या वाटेने विकली तर नियम कागदावरच राहतो.

म्हणून मित्रांनो, एवढे करा. घरात नवी बॅटरी येईल तेव्हा जुनी त्याच अधिकृत विक्रेत्याला द्यायला सांगा आणि बिलावर तशी नोंद मागा. जुनी बॅटरी कोणत्या कारखान्यात जाते, हेही त्याला विचारा. एका गिऱ्हाइकाने विचारले तर दुकानदार हसेल. गावातल्या पन्नास घरांनी विचारले तर त्याला उत्तर शोधावेच लागेल.